परगावी घर बांधायला गेलेले हात



या व्यासपीठावर आजवर मोठमोठे पंडित बोलून गेले आहेत. मी पंडित नव्हे. शाळेत मी सातवीपर्यंत गेलो. पुढचे जे काही शिक्षण झाले, ते युनियनच्या कचेरीतल्या एका लोखंडी कपाटाने आणि गेटसभांनी केले. चालकांनी निमंत्रण दिले तेव्हा मी त्यांना हेच सांगितले. ते म्हणाले, "पुस्तकांवर बोलणारे आम्हांला मिळतात; तुम्ही हातांवर बोला." म्हणून आज मी हातांवर बोलणार आहे, आणि तेही एका विशिष्ट प्रकारच्या हातांवर. आपले गाव, आपला कामधंदा काही दिवसांपुरता सोडून परगावी जाणारे, तिथेच मुक्काम करणारे आणि ज्याला घर नाही त्याच्या घराच्या भिंती मजुरी न घेता उभारणारे, असे हे हात.

या कामाकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत. काही लोक म्हणतात, याहून मोठे पुण्य नाही. दुसरे म्हणतात, हा सुखवस्तू माणसांचा आठ दिवसांचा हौसेचा खेळ आहे. माझी अडचण या दोघांपेक्षा निराळी आहे. गेली तीस वर्षे माझा पेशा मजुरीचा हिशेब मागण्याचा. 'फुकट काम' हे शब्द कानी पडले की माझ्या मनात शंका येते. जे काम एकाने फुकट केले, त्याचे दाम दुसरा कसे मागणार? सकाळी मजूर अड्ड्यावर थापी आणि घमेले घेऊन उभा असलेला गवंडी आणि परगावाहून हौसेने आलेला स्वयंसेवक, हे दोघे एकमेकांचे मित्र की वैरी? या प्रश्नाचा उलगडा व्हावा म्हणून या कामाचा थोडा इतिहास सांगतो, मग थोडा अनुभव सांगतो, आणि शेवटी माझे मत आपल्यापुढे ठेवतो.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा फ्रान्समधील व्हर्दूनच्या आसपासची गावे नकाशावर उरली होती, जमिनीवर नव्हती. १९२० च्या हिवाळ्यात त्यांपैकी एन नावाच्या खेड्यात काही माणसे खोरी-फावडी घेऊन आली. त्यांचा म्होरक्या पिएर सेरेसोल हा स्विस इंजिनिअर. त्याचे वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेले होते. मुलगा मात्र लष्करी कर भरणार नाही म्हणून तुरुंगात जाणाऱ्यांपैकी. त्याच्या पथकात निरनिराळ्या देशांची माणसे होती, आणि त्यांत जर्मनही होते. विचार करा, ज्या जर्मन तोफांनी ते गाव उद्ध्वस्त केले, त्याच देशाची पोरे दोन वर्षांनी तिथे येऊन फ्रेंच शेतकऱ्यांसाठी निवारे उभारीत होती! तहाच्या कागदावर सह्या करणे सोपे असते. शत्रूच्या गावात राहून, त्याच्या विहिरीचे पाणी पिऊन, त्याच्या छपराची लाकडे खांद्यावर वाहणे हे अधिक अवघड. हे काम पाच महिने चालले आणि थांबले. जर्मन माणसे या मातीवर नकोत, ही भावना त्यामागे होतीच. परंतु यातूनच 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संस्था जन्मली. बोलणे पुरे, काम दाखवा, असे तिचे ब्रीद.

माझ्या शंकेला पहिले उत्तर याच संस्थेच्या इतिहासात मिळाले. १९३१ साली तिचे पथक वेल्समधील ब्रिनमॉर या गावी गेले. ते कोळसा-खाणींचे गाव. खाणी बंद पडल्या होत्या आणि गडी माणसे बेकार बसली होती. पथकाने गावासाठी पोहण्याचा तलाव आणि बाग करायचे ठरवले. तेव्हा गावातल्या मजूर चळवळीच्या लोकांनी हरकत घेतली. करण्यासारखे काम असेल तर ते बेकारांना द्या आणि त्याची मजुरी मोजा, असे त्यांचे म्हणणे होते. मी तिथे असतो तर मीही हेच म्हणालो असतो. पुढे बेकार खाणकामगार आणि परदेशी विद्यार्थी एकाच खड्ड्यात उतरून काम करू लागले, हे खरे. पण हरकत खोटी ठरली नाही. फुकटचा हात येतो तेव्हा त्याने प्रथम मजुराला तोंड दिले पाहिजे, हा धडा तिथे मिळाला.

याच सेरेसोलचा आपल्या देशाशीही संबंध आला. गांधीजी १९३१ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडला गेले, तेव्हा त्यांची व त्याची गाठ पडली. पुढे १५ जानेवारी १९३४ ला बिहारचा प्रचंड भूकंप झाला. जमीन फाटून वाळू वर आली, शेते वाळूखाली गेली, आणि कित्येक ठिकाणी जमिनीची पातळीच बदलल्याने गावांत पुराचे पाणी शिरू लागले. राजेंद्रबाबूंच्या नेतृत्वाखाली मदत समिती काम करीत होती. सेरेसोल मोजक्या सोबत्यांसह आला आणि मुझफ्फरपूरच्या भागात पुरात जाणारी गावे उंच जागी वसवण्याच्या कामाला लागला. आता कोणीही विचारील की, जिथे हजारो हात कामाविना रिकामे आहेत, तिथे चार युरोपियनांच्या हातांनी कितीशी माती हलणार? हिशेब बरोबर आहे. माती फारशी हलली नसेल. पण १९३४ सालच्या हिंदुस्थानात गोरा माणूस म्हणजे हुकूम सोडणारा, ही रीत होती. तो खेड्यातल्या माणसांबरोबर मातीकामाला वाकतो, तेव्हा मातीबरोबर आणखीही काहीतरी हलते.

ते काय हलते, याचा महाराष्ट्रातला दाखला वरोऱ्याजवळच्या आनंदवनाचा आहे. बाबा आमटे यांनी कुष्ठरोग्यांसाठी वसवलेली ही वसाहत. रुग्णांनी स्वतःच्या हातांनी विहिरी खणल्या, भाजीपाला पिकवला. पण वरोऱ्याचे लोक ती भाजी विकत घेईनात, दूध घेईनात. १९५० नंतर लवकरच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे तरुण देशोदेशींहून तिथे आले. आनंदवनात राहून त्यांनी रुग्णांच्या बरोबरीने रुग्णालयाच्या इमारती बांधल्या, आणि त्याच रुग्णांनी पिकवलेली भाजी ते रोज जेवले. गावकऱ्यांनी हे पाहिले. गोरे लोक खातात आणि त्यांना काही होत नाही, मग आपण का घाबरावे? बहिष्कार हळूहळू सुटला. भिंत तर गवंड्यानेही बांधली असती. परंतु गाव आणि वसाहत यांच्यामध्ये जी न दिसणारी भिंत होती, ती पाडण्याचे काम बाहेरून आलेल्या आणि तिथे मुक्काम केलेल्या माणसांचे होते. मुक्काम हा शब्द लक्षात ठेवा. जो सकाळी मोटारीतून येतो आणि संध्याकाळी परत जातो, त्याच्या हातून हे होत नाही.

आता थोडे डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. मारले ते भूकंपापेक्षा घरांनीच. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे ते घर क्षणात थडगे झाले. मी तेव्हा बाविशीत होतो, कारखान्यात हेल्पर होतो. आमच्या खात्यातले अकराजण बिनपगारी रजा काढून निघालो. मागे राहिलेल्यांनी प्रत्येकी अर्ध्या दिवसाची मजुरी आमच्या झोळीत टाकली आणि आमची पाळी भरून काढण्याचे कबूल केले. त्यामुळे गेलेले अकराजण असले, तरी पथक साऱ्या खात्याचे होते.

आम्हांला एका लहान वाडीवर काम मिळाले. विटांचे जोते, कंबरेइतकी भिंत आणि वर लोखंडी अँगलवर पत्रे, अशी तात्पुरती घरे करायची होती. मुक्काम एका पत्र्याच्या शेडमध्ये. डिसेंबरची थंडी, रात्री पत्रा बर्फासारखा आणि दुपारी तव्यासारखा. अंथरूण म्हणजे ज्वारीचा कडबा आणि वर सतरंजी. पहाटे टँकर यायचा. त्याच्या रांगेत हंडे-कळशा घेऊन गावच्या बायका आणि बादल्या घेऊन आम्ही. दोन दिवस त्या बायकांनी आम्हांला पुढे जाऊ दिले, तिसऱ्या दिवशी एका आजीने स्पष्ट सांगितले, "पावणं दोन दिस असत्यात, आता रांगंत ऱ्हावा." त्या दिवसापासून आम्ही त्या वाडीचे झालो, असे मी समजतो.

परगावच्या पथकात माणूस चटकन ओळखू येतो. कारखान्यात सात वर्षे शेजारी काम केलेला गडी घोरतो की नाही, हे मला ठाऊक नव्हते. भाकरी करायची पाळी कोण चुकवतो, जखम झाली तर कोण लपवतो, आणि संध्याकाळी आंघोळीला पाणी कमी पडले तर आपली बादली दुसऱ्याला कोण देतो, हे तिथे आठ दिवसांत कळले. जातीपातीच्या गोष्टी सभेत बोलणे निराळे आणि एका चुलीवरचे, ज्याच्या-त्याच्या पाळीने रांधलेले जेवणे निराळे. तिथे ते वाद निघाले, मिटले, आणि काही मिटले नाहीतही. पण चूल एकच राहिली.

मुख्य गोष्ट घडली ती चौथ्या दिवशी. त्या वाडीत एक पन्नाशीचा गवंडी होता. त्याचे स्वतःचे घर पडले होते. तो रोज येऊन आमचे काम दुरून पाही. हाताची घडी घातलेली, तोंडातून शब्द नाही. आम्ही त्याला मदतीला बोलावले तेव्हा तो म्हणाला, "तुमी फुकट करायलाव, मंग माझ्या थापीला कोण इचारणार?" एवढेच बोलून तो गेला.

त्या रात्री शेडमध्ये सभा झाली. कोणी म्हणाले, हा माणूस स्वार्थी आहे. गाव पडलेले असताना मजुरीची भाषा करतो. आमच्यातला एक म्हातारा फिटर होता. तो म्हणाला, "आपण त्याच्या गावात येऊन त्याचा धंदा मोडतोय. उद्या आपल्या गेटवर कोणी फुकट काम करायला उभा राहिला, तर आपण त्याला हार घालू काय?" यावर कोणाला बोलता येईना. सकाळी दोघेजण त्या गवंड्याच्या खोपटावर गेले. झोळीतल्या पैशांतून त्याला शहरात चालू असलेली रोजची पूर्ण मजुरी द्यायची, आणि भिंतीच्या कामात हुकूम त्याचा चालायचा, असे ठरले. तो आला. आल्या आल्या त्याने आमच्या एका भिंतीला ओळंबा लावला, काही न बोलता वरचे तीन थर उतरवले आणि म्हणाला, "आता लावा."

तेव्हापासून आम्ही अकराजण त्याचे बिगारी होतो. माल कालवायचा, विटा भिजवायच्या, घमेले द्यायचे आणि सांजसकाळ भिंतीला पाणी मारायचे. बिगारीकाम हे अकुशल काम आहे असे सरकारी कागदात लिहिलेले असते; लिहिणाऱ्याने एक दिवस माल कालवून पाहावा. पाणी दोन तांबे जास्त झाले की गवंडी तुमच्याकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर हीच त्या कामाची परीक्षा. कामाचा वेग दुप्पट झाला, हा फायदा लहान. मोठा फायदा असा की, आम्ही निघून आल्यावरही त्या वाडीत भिंत बांधणारा माणूस उरला. त्याच्या हाताखाली गावातली दोन पोरे शिकत होती.

दुसरी गोष्ट एका विधवा बाईची. तिच्या घराची आखणी आम्ही दोरी लावून केली आणि दार नेहमीप्रमाणे ठेवले. ती म्हणाली, "दार मोठं ठिवा. रातीला पळता आलं पायजे." कोणत्या इंजिनिअरच्या नकाशात हे वाक्य असते? घर ज्याचे, त्याला ते कसे हवे हे विचारावे लागते. पुढे सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून मोठे पुनर्वसन केले. ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली. ते काम फार मोठे होते आणि त्याचे मोल मी कमी करीत नाही. पण घराचे माप कसे ठरले? भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला ४००, आणि मोठ्या जमिनीच्या धन्याला ७५०. खाणारी तोंडे किती, हे कोणी मोजले नाही. मोजली ती जमीन. भूकंपाने सगळ्यांना एका रात्रीत सारखे केले होते. मापाच्या फितीने पुन्हा पहिल्यासारखे केले.

आमच्या खात्याने जे न ठरवता केले, ते एका देशाने ठरवून केले होते, हे मला पुढे वाचनात आढळले. क्युबामध्ये १९७० नंतर 'मायक्रोब्रिगेड' नावाची पथके निघाली. कारखान्यातून किंवा कचेरीतून बहुधा ३३ कामगार बांधकामावर पाठवायचे. त्यांचा पगार चालू राहायचा. मागे राहिलेल्यांनी जादा काम करून उत्पादन कमी पडू द्यायचे नाही. हवानाच्या पूर्वेला आलामार नावाची मोठी वसाहत या हातांनी उभी केली. तयार झालेली घरे कोणाला द्यायची, हे कामगारांच्या सभेत ठरे. स्वतः भिंत बांधलेल्याला घर मिळेलच असे नव्हते. ज्याची गरज आणि काम अधिक, त्याचे नाव पुढे येई. या योजनेत दोष होते. सुताराऐवजी कारकून दरवाजे बसवू लागला की दरवाजे कुरकुरतात. काम लांबे, दर्जा कमीजास्त होई. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पथके मागे पडली, १९८६ नंतर पुन्हा निघाली, आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर सिमेंट-लोखंडच मिळेनासे झाल्याने थंडावली. तरीही मजुरी न बुडवता स्वयंसेवक पथक चालवता येते, एवढे त्यांनी दाखवून दिले.

अमेरिकेतला मार्ग निराळा. मिलर्ड फुलर या वकिलाने तरुणपणीच लाखो डॉलर कमावले आणि १९६५ च्या सुमारास वाटून टाकले. पुढे १९७६ साली त्याने व त्याची पत्नी लिंडा हिने जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावी 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था काढली. घर फुकट द्यायचे नाही. नफा आणि व्याज न लावता किंमत हप्त्यांनी घ्यायची, आणि घर घेणाऱ्याने स्वतःच्या व इतरांच्या घरांवर शेकडो तास राबायचे, असा तिचा नियम. राष्ट्राध्यक्षपद सोडल्यानंतर जिमी कार्टर १९८४ साली या पथकाबरोबर बसने न्यूयॉर्कला गेले, एका चर्चमध्ये बंकवर झोपले, आणि १९ कुटुंबांसाठी एक मोडकळीला आलेली सहा मजली इमारत दुरुस्त करू लागले. २००६ साली हेच कार्टर, वयाच्या ८२ व्या वर्षी, लोणावळ्याजवळ आले. देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी एका आठवड्यात तिथे १०० कुटुंबांच्या घरांचे काम केले. २०२४ च्या डिसेंबरात ते वारले, तेव्हा मला त्यांच्या पदापेक्षा त्यांच्या हातातली हातोडी आठवली.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हुशार माणसाचा असतो. विमानाच्या भाड्यात दोन गवंडी महिनाभर राबले असते. मग पैसेच का पाठवू नयेत? माझे उत्तर असे की, पैसेही पाठवा. मात्र एक लक्षात घ्या. ज्याने उन्हात आठ दिवस घमेले वाहिले, तो माणूस आपल्या गावी परतल्यावर बांधकामावरच्या बाईला 'ए' म्हणून हाक मारताना अडखळतो. ती पाळण्यात मूल ठेवून चौथ्या मजल्यावर विटा वाहते, आणि इमारत पुरी झाली की तिला त्या इमारतीच्या फाटकातून आत सोडत नाहीत. पथकातून परतलेल्याला हे दिसू लागते. दिसले नाही, तर मात्र त्या हुशार माणसाचा आक्षेप खरा; ते भाडे वाया गेले.

बांधकाम मजुरांसाठी आपल्या देशात १९९६ साली कायदा झाला. त्याखाली नोंदणी व्हायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागे, आणि तो देण्याची मालकाची तयारी नसे. मी अशा दाखल्यांसाठी वर्षानुवर्षे खेटे घातले आहेत. स्वयंसेवकाच्या आठ दिवसांचा फोटो निघतो, प्रमाणपत्र मिळते. मजुराच्या नव्वद दिवसांना एक सही मिळत नाही. या दोन कागदांतले अंतर कमी करणे हीच स्वयंसेवकाची खरी परतफेड आहे, असे मी मानतो.

तेव्हा माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे. फुकटचा हात मजुराचा मित्रही होऊ शकतो आणि वैरीही. कोणता होईल हे त्याच्या मनाच्या चांगुलपणावर अवलंबून नाही. कामाची व्यवस्था कशी लावली, यावर आहे. ज्याचे घर आहे त्याला विचारले का? गावच्या कारागिराला पूर्ण मजुरी आणि त्याचा मान दिला का? पथक त्या गावात मुक्कामाला, रांगेत उभे राहायला तयार आहे का? या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर खुशाल जा आणि आपल्या मुलांनाही पाठवा. एकाचे जरी नकारार्थी असेल, तर ते काम कितीही गोजिरे दिसो, त्यात कोणाची तरी रोजी बुडते आहे असे समजा.

आपल्या शहरातूनही अशी पथके निघतात. कधी पूर येतो, कधी दरड कोसळते, आणि आपली तरुण मुले ट्रकमध्ये बसून निघतात. त्यांचे मला कौतुक आहे. माझी विनंती एवढीच की, पुढच्या वेळी झोळी फिरवाल तेव्हा त्यातली पहिली रक्कम त्या गावच्या गवंड्याच्या मजुरीसाठी बाजूला काढा आणि मग ट्रक भरा. गावात शिरल्यावर पहिला नमस्कार त्याला करा. तो दूर हाताची घडी घालून उभा असेल, तर त्याला स्वार्थी म्हणू नका; तो काय विचारतो आहे, ते ऐका.